पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आणि आग: कुठलं इस्ट्रोजेन, कुठे लावायचं आणि किती

प्रश्न असा आहे: वय ५६, पाळी जाऊन ५ वर्षं झाली. गेलं वर्षभर योनीच्या बाहेरच्या भागाला कोरडेपणा आहे, लघवीनंतर आग होते, जास्त वेळ बसलं की टोचतं, संबंध जवळपास बंद झाले आहेत. मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. ते लावल्यावर आग वाढली, आणि सोबतच्या कागदावर कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात ही यादी वाचून ते बंद केलं. मैत्रीण म्हणते, आत ठेवायची गोळी घे. क्रीम घ्यावं की गोळी? मुळात घ्यावं का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुमचा त्रास मुख्यतः बाहेरच्या भागाचा आहे, त्यामुळे नुसती आत ठेवायची गोळी तुम्हाला पुरण्याची शक्यता कमी. औषध बोटाने बाहेर, नेमक्या जागी लागायला हवं. आग झाली ती बहुधा हार्मोनमुळे नव्हे, तर क्रीममधल्या इतर घटकांमुळे किंवा त्वचा फार नाजूक झाल्यामुळे झाली असावी, आणि त्यावर उपाय आहेत. कागदावरची यादी तुमच्या डोसला लागू पडत नाही. पण हे सगळं त्या जागेची नीट तपासणी झाल्यानंतरचं. तुमच्या प्रश्नात तपासणीचा उल्लेख नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

पाळी जाते तेव्हा बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं. योनीचं अस्तर, लघवीच्या मार्गाचं तोंड आणि योनीच्या तोंडाशी, आतल्या ओठांच्या मध्ये असलेली गुलाबी ओलसर जागा, हे तिन्ही भाग इस्ट्रोजेनवर पोसले जातात. ते कमी झालं की तिथला रक्तपुरवठा घटतो, अस्तराचे थर कमी होतात, आणि नेसून नेसून विरलेल्या सुती साडीसारखी ती जागा जराशा घर्षणाने फाटते. अस्तरातलं ग्लायकोजेन, म्हणजे पेशींत साठवलेली साखर, तेही घटतं. त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलाय हे उपकारक जिवाणू मग कमी होतात, आणि तरुणपणी ३.८ ते ४.५ असलेला पीएच (आम्लतेचं माप) ५ च्या वर जातो, म्हणजे तिथली आम्लता कमी होते. म्हणून कोरडेपणाबरोबर वारंवार लघवीचा संसर्ग येतो. गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात, तसा हा त्रास आपोआप ओसरत नाही. उपचार नसेल तर तो हळूहळू वाढतच जातो. ‘वय झालं, आता असंच चालायचं’ असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात ते मायेने सांगतात, पण ते खरं नाही.

आता तपासणीबद्दल. पाळी गेलेल्या बाईला बाहेर खाज किंवा आग असेल तर त्याला कोरडेपणा एवढं एकच कारण नसतं. लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार याच वयात दिसतो. त्यात त्वचा पांढरट, चुरगळलेल्या कागदासारखी दिसते, रात्री खाज जास्त येते, आतले ओठ हळूहळू चिकटून नाहीसे होतात, कधी गुदद्वाराभोवतीही चट्टे येतात. हा आजार इस्ट्रोजेनने बरा होत नाही. त्याला क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइडचं मलम लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक पद्धतीने. उपचार न झालेल्या लायकेन स्क्लेरोससमधून थोड्या स्त्रियांमध्ये त्या जागेचा कॅन्सर होऊ शकतो. वर्षभर इस्ट्रोजेन लावूनही फरक नाही आणि खाली हा आजार लपलेला, असं घडतं ते केवळ कुणी पाहिलं नाही म्हणून. जुनी जखम, गाठ, रंग बदललेला चट्टा असेल तर छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. त्याला घाबरू नका.

तुमच्या बाबतीत मधुमेहामुळे आणखी एक शक्यता पाहायला हवी. पाळी गेल्यानंतर, हार्मोन न घेणाऱ्या स्त्रीला बुरशीचा संसर्ग सहसा होत नाही, पण मधुमेह असेल तर होतो. शिवाय डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा उपयोग होतो, पण गोड लघवीमुळे बाहेरच्या जागेला बुरशी धरते आणि लालसर, सुजलेली, जळजळणारी त्वचा होते. तुमच्या चिठ्ठीवर या नावांपैकी काही आहे का ते पाहा. गोळी स्वतःहून बंद करू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना दोघांनाही सांगा.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः त्या जागेला काय लावतो. रोज साबण, जंतुनाशकाचं पाणी, सुगंधी इंटिमेट वॉश, केस काढायचं क्रीम. खोकताना लघवीचे थेंब जातात म्हणून दिवसभर लावलेलं पॅड. आणि सगळ्यात वाईट, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘खाजेची ट्यूब’, जिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग त्वचा आणखी पातळ होते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणायला सांगते. निम्मं निदान त्या पिशवीतच असतं.

तपासणीत आणखी एक साधी गोष्ट होते. कापूस गुंडाळलेल्या काडीने डॉक्टर वेगवेगळ्या जागी हलकेच स्पर्श करून कुठे दुखतं ते विचारतात. बाहेरच्या केसाळ ओठांवर काही वाटत नाही, पण योनीच्या तोंडाशी घड्याळातल्या पाच-सातच्या जागी बोट नेलं तरी बाई दचकते, असं फार वेळा दिसतं. ज्यांचं दुखणं या तोंडाशी आहे, त्यांच्या निवडीवर या एका गोष्टीचा सर्वांत मोठा परिणाम होतो.

त्याचं कारण असं. आत ठेवायची इस्ट्रॅडिऑलची (हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) गोळी, साधारण १० मायक्रोग्रॅमची, योनीच्या वरच्या भागात विरघळते. आतलं अस्तर ती छान सुधारते. सोपी आहे, चिकट नाही, डोस पक्का ठरलेला. लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणं, आतमध्ये कोरडेपणा, संबंधाच्या वेळी खोलवर खरचटल्यासारखं होणं, यासाठी मी ती आनंदाने देते. पण तोंडाशी तिचं औषध कमी पोहोचतं. परदेशात मिळणारी इस्ट्रॅडिऑलची रिंग तीन महिने आत राहते आणि रोज साधारण ७.५ मायक्रोग्रॅम सोडते. तिचंही तसंच. क्रीमचा फायदा हा की ते बोटावर घेऊन जिथे दुखतं तिथे लावता येतं. ट्यूबसोबतचा प्लास्टिकचा अॅप्लिकेटर वापरून सगळं क्रीम आत ढकललं तर हा फायदाच हातातून जातो. तुम्ही तेच केलं असण्याची बरीच शक्यता आहे, कारण चिठ्ठीवर सहसा ‘योनीत’ एवढंच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे मेडिकलमध्ये मुख्यतः दोन क्रीम मिळतात. एक इस्ट्रिऑलचं, ज्याच्या १ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम औषध असतं. दुसरं कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनचं, म्हणजे अनेक इस्ट्रोजेनांच्या मिश्रणाचं, १ ग्रॅममध्ये ०.६२५ मिलिग्रॅम. इस्ट्रिऑल हे शरीरातलं सौम्य इस्ट्रोजेन, म्हणून सुरुवातीला बाहेर लावण्यासाठी मी सहसा तेच निवडते. दुसरं वाईट नाही, अर्धा ग्रॅम आठवड्यातून दोनदा एवढ्या मापात ते उत्तम चालतं. पण त्याच्या जुन्या माहितीपत्रकात २ ग्रॅमपर्यंतचा डोस आहे, आणि एवढं रोज घातलं तर रक्तात इस्ट्रोजेन लक्षणीय वाढतं. अमेरिकेत मिळणाऱ्या इस्ट्रॅडिऑल क्रीमचंही तेच. १ ग्रॅममध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं, आणि पत्रकाप्रमाणे सुरुवातीला २ ते ४ ग्रॅम घेतलं तर ते १० मायक्रोग्रॅमच्या गोळीच्या वीस ते चाळीस पट होतं. म्हणून क्रीमचं नाव कुठलंही असो, डॉक्टरांना ‘किती ग्रॅम, किती वेळा, बाहेर किती, आत किती’ हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. मुलाकडे अमेरिकेला गेलात आणि तिकडचं क्रीम आणलंत तर इथल्या मापाने ते लावू नका. ब्रिटनमध्ये २०२२ पासून १० मायक्रोग्रॅमची एक गोळी पन्नाशीपुढच्या, पाळी जाऊन वर्ष झालेल्या स्त्रियांना फार्मासिस्टच्या सल्ल्याने चिठ्ठीशिवाय मिळते. तिथल्या मैत्रिणींना हे माहीत असावं.

आता आग झाली त्याबद्दल, कारण अनेक बायका इथेच औषध सोडतात. क्रीम म्हणजे नुसतं हार्मोन नव्हे. ते टिकावं, मऊ राहावं म्हणून त्यात इतर रसायनं असतात. कॉन्ज्युगेटेड क्रीममध्ये बेंझिल अल्कोहोल आणि सोडियम लॉरिल सल्फेट असतं, अमेरिकेतल्या इस्ट्रॅडिऑल क्रीममध्ये प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं, इस्ट्रिऑलच्या काही क्रीममध्ये क्लोरहेक्सिडिन आणि लॅक्टिक अॅसिड असतं. निरोगी त्वचेला याचं काही वाटत नाही, पण भेगा पडलेल्या जागेला झोंबतं. म्हणून आधी आठवडा-दहा दिवस त्या जागेला शांत होऊ द्यायचं: साबण बंद, फक्त पाण्याने धुणं, सुती कपडे, आणि दिवसातून दोनदा साधी बिनवासाची व्हॅसलिन पातळ थरात. मग क्रीम अगदी थोडं, मसूरडाळीच्या दाण्याएवढं, एक दिवसाआड. सुरुवातीची हलकी चुरचूर पाच-दहा मिनिटांत थांबत असेल आणि दर वेळी कमी होत असेल तर ते चालू ठेवायचं. त्वचा लाल होऊन तासभर पेटत राहिली, सूज आली, तर ते क्रीम तुमचं नव्हे. तेव्हा दुसऱ्या घटकांचं क्रीम पाहायचं, किंवा आत गोळी आणि बाहेर फक्त व्हॅसलिन, अशी जोडी करायची. जिथे क्रीम सोसतच नाही तिथे ही जोडी बऱ्याच जणींना उपयोगी पडते, जरी तिला वेळ जास्त लागतो. फक्त आत ठेवायची गोळी आपल्याकडे प्रत्येक गावात मिळत नाही.

सवय झाली की लावायची पद्धत अशी. रात्री झोपताना, हात धुऊन, बोटाच्या पहिल्या पेरावर अर्धा ग्रॅम क्रीम घ्यायचं. आरसा घेऊन एकदा जागा ओळखून घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही, ते आपलंच शरीर आहे. अर्ध्याहून थोडं कमी क्रीम योनीच्या तोंडाशी आणि लघवीच्या छिद्राभोवती हलकेच चोळायचं, आतल्या ओठांच्या आतल्या बाजूने खालपर्यंत. उरलेलं बोटानेच एक पेर आत. बाहेरच्या जाड, केसाळ ओठांवर ते वाया जातं. पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार. १५ ग्रॅमची ट्यूब असेल तर या हिशेबाने पहिल्या दोन आठवड्यांत ७ ग्रॅम जातं, पुढे आठवड्याला १ ग्रॅम, म्हणजे एक ट्यूब साधारण अडीच महिने पुरते. ट्यूब तीन आठवड्यांत संपत असेल तर माप चुकतंय. महिनाभर पुरली नाही म्हणून औषध महाग वाटून सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी माप दाखवलंच नव्हतं. संबंधाच्या आधी लगेच ते वंगण म्हणून लावू नका, त्याच्यासाठी वेगळं ल्युब्रिकंट घ्या.

फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवायला लागतो, पण पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे लागतात. चौथ्या दिवशी काही झालं नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. मधेच नवी खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव सुरू झाला तर तोही औषधाचा अपघात नाही. अस्तरात ग्लायकोजेन परत आल्यावर, विशेषतः मधुमेहात, बुरशी जागी होऊ शकते. त्यावर तेवढा उपचार करून इस्ट्रोजेन पुढे चालू ठेवता येतं.

कागदावरच्या कॅन्सरच्या इशाऱ्याचं मूळ सांगते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात स्त्रिया तोंडाने कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोन) घेत होत्या. त्यांच्यात दिसलेल्या धोक्यांचा इशारा नंतर सगळ्याच इस्ट्रोजेनवर छापला गेला, योनीत लावायच्या सूक्ष्म डोसवरसुद्धा. याच अभ्यासातल्या योनीमार्गे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांची माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात, यांपैकी कशातही वाढ दिसली नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पाळीनंतरच्या इस्ट्रोजेन औषधांवरचा तो चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. इतकी वर्षं हा एक कागद वाचून किती बायकांनी ट्यूब कपाटात ठेवून दिली असेल, याचं मला खरंच वाईट वाटतं. कमी डोसच्या योनीतल्या इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही लागत नाहीत.

याचा अर्थ कुणालाही, कधीही, असा नाही. पाळी गेल्यानंतर एक थेंबही रक्त गेलं असेल तर आधी सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघायला हवी, मग क्रीम. औषध चालू असताना रक्त गेलं तरी तेच. स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांसाठी आधी हार्मोनविरहित उपाय करायचे, आणि इस्ट्रोजेनचा निर्णय त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांबरोबर बसून घ्यायचा. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या कॅन्सरच्या गोळ्या चालू असतील तर मी आणखी सावध असते. डेन्मार्कमधल्या २०२२ च्या एका मोठ्या पाहणीत या गोळ्यांसोबत योनीत इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त आढळलं, मृत्यूचं नाही. म्हणून अशा स्त्रीला ‘काही होत नाही, लावा’ असं मी म्हणणार नाही.

इस्ट्रोजेन न घेताही बरंच करता येतं, आणि ज्यांचा त्रास सौम्य आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ३०२ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत इस्ट्रॅडिऑलची गोळी, योनीसाठीचं मॉइश्चरायझर आणि औषध नसलेलं जेल अशी तुलना केली. बारा आठवड्यांनी तिन्ही गटांत सर्वांत त्रासदायक लक्षण जवळपास सारखंच कमी झालं. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी सिलिकॉनचं किंवा पाण्याचं, सुगंध नसलेलं ल्युब्रिकंट, हा दुय्यम दर्जाचा उपचार नव्हे. खोबरेल तेल बाहेर लावायला बहुतेकींना सोसतं, फक्त ते कंडोमबरोबर वापरू नये, रबर फाटतं. पण वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल तर तिथे मॉइश्चरायझर इस्ट्रोजेनची जागा घेत नाही. १९९३ मध्ये इस्राएलमधल्या ९३ स्त्रियांवरच्या चाचणीत इस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. दर महिन्याला अँटिबायोटिक खाणाऱ्या आजीला हे सांगणारं कुणी हवं.

या त्रासावर केल्या जाणाऱ्या योनीच्या लेझरबद्दल न विचारताही सांगते, कारण शहरांतल्या क्लिनिकांत त्याची पॅकेजेस विकली जातात. २०१८ मध्ये एफडीएने योनीच्या ‘कायाकल्पा’साठी लेझर विकण्याविरुद्ध इशारा दिला, आणि ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या चाचणीत कार्बन डायऑक्साइड लेझर आणि खोटं लेझर यांच्यात वर्षभराने फरक दिसला नाही. तेवढ्या पैशांत वर्षानुवर्षांची ट्यूब येते.

ज्यांची पिशवी आणि बीजांडकोश तरुण वयात काढले गेले, त्यांनीही हे वाचावं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारने चौकशी समिती नेमली. बीजांडकोश गेले की ३५ व्या वर्षीसुद्धा हाच कोरडेपणा येतो, आणि तो जास्त तीव्र असतो. अशा स्त्रीला नुसत्या क्रीमपेक्षा संपूर्ण शरीरासाठी हार्मोन लागेल का, हेही डॉक्टरांना विचारायला हवं, कारण हाडांचा प्रश्नही त्यातच आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही काही महिने असा कोरडेपणा येतो, तो तात्पुरता असतो.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. येत्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि ‘बाहेरची जागा नीट बघा’ असं स्पष्ट सांगा. मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी, गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या. तोपर्यंत साबण आणि पॅड बंद, व्हॅसलिन चालू. लायकेन किंवा बुरशी निघाली तर आधी तिचा उपचार. काही निघालं नाही तर इस्ट्रिऑल क्रीम, मसूरडाळीपासून सुरू करून, बोटाने, तोंडाशी. बारा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. बरं वाटलं तर आठवड्यातून दोनदा हा डोस पुढेही चालू ठेवायचा, वर्षांनुवर्षं चालतो, फक्त वर्षातून एकदा तपासणी हवी. थांबवलात तर त्रास काही आठवड्यांत परत येतो. आणि बारा आठवडे नीट लावूनही आग तशीच असेल तर डोस वाढवून घेऊ नका. तेव्हा निदान पुन्हा तपासायचं असतं, त्वचारोगतज्ज्ञांची मदत घेऊन, गरज पडली तर तुकडा तपासून.